रक्ताला उंची कळते

एका बाजूला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, दुसऱ्या बाजूला वसईची खाडी. घोडबंदर रस्त्यावरचं चेणे समुद्रसपाटीपासून फारसं उंच नाही. अशा सखल गावात रक्तदान शिबिर भरलं, की बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब मोरचुदाच्या निळ्या द्रावणात सोडतात. द्रावणाची विशिष्ट घनता असते १.०५३. थेंब बुडाला, तर हिमोग्लोबिन डेसिलिटरला किमान १२.५ ग्रॅम आहे, रक्त देता येईल. तरंगला, तर ‘ताई, आज नको’.

‘ताई’च, कारण हा नकार बहुतेकदा बायकांनाच मिळतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. तिथे गरोदर नसलेल्या स्त्रियांची मर्यादा १२ ग्रॅम होती. रक्तदानाची त्याहून अर्धा ग्रॅम वर!

आता चला लेहला, ३,५०० मीटरवर. इथे थेंब सहज बुडतो आणि तरीही दात्याला परत पाठवण्याची वेळ येते, कारण रक्त फार दाट असतं. शिवाय रक्तदाबही पुष्कळदा चढलेला असतो.

रक्त इतकं दाट होतं कसं? साताऱ्याचा जवान लेहला पोचला, की त्याच्या श्वासातला प्राणवायू समुद्रकाठच्या जेमतेम दोन तृतीयांश उरतो. पहिल्या काही दिवसांत रक्तातलं पाणीच कमी होतं, म्हणून उरलेल्या पेशी दाटतात. दरम्यान मूत्रपिंडांना प्राणवायूची टंचाई जाणवते. ती एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक सोडतात. ते अस्थिमज्जेला तांबड्या पेशी वाढवायला लावतं. पेशींना ही टंचाई नेमकी कशी कळते, हे उलगडणाऱ्या केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चं नोबेल मिळालं.

पण ही वाढ अति झाली, की रक्त घट्ट होऊन हृदयावर ताण येतो. उंचावर राहणाऱ्या पुरुषांत हिमोग्लोबिन २१ आणि स्त्रियांत १९ ग्रॅमवर गेलं, तर तो दीर्घकालीन पर्वतीय आजार समजतात. मोरचुदातला थेंब मात्र १३ लाही बुडतो आणि २१ लाही! त्याला फक्त कमतरता कळते, अतिरेक नाही. म्हणून उंचावर नेमका आकडा सांगणारं यंत्रच हवं.

खाडीकाठी थेंब तरंगला, तर मात्र वाट सोपी आहे: रक्ततपासणी करून कारण शोधायचं. लोह कमी असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या घ्यायच्या आणि हिमोग्लोबिन भरलं की पुढच्या शिबिराला हक्काने यायचं.