तीन टिंबांपाशी अडलेली जावा

विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय बेळगावात आहे. संगणक शाखेतल्या मुलांच्या वाट्याला तिथे जावा येते, आणि जावासोबत तीन टिंबांचे दुखणेही.

तीन टिंबे देऊन हवी तितकी मूल्ये घेणारी मेथड लिहिण्याची सोय जावाच्या पाचव्या आवृत्तीत, २००४ साली आली. निपाणीच्या तंबाखू व्यापाऱ्यासाठी पोत्यांची वजने मिळवणारी 'बेरीज(इंट... वजने)' लिहिली, की तिला दोन वजने द्या, वीस द्या, एकही देऊ नका, चालते. टिंबांचा पॅरामीटर एकच असावा आणि शेवटी यावा, एवढे पथ्य पाळायचे.

खरी अडचण मेथड बोलावताना येते. 'बेरीज'ला सुटे इंटिजर दिले तर कंपायलर त्यांचे मुकाट्याने इंट करून घेतो. पण 'इंटिजर'चा अख्खा ॲरे किंवा लिस्ट दिली, की प्रकार जुळत नाही म्हणून हटून बसतो. कारण टिंबांमागे असतो इंटचाच ॲरे, आणि अख्खा ॲरे आपोआप बदलून देण्याचे काम तो करत नाही. लिस्टवर स्ट्रीम लावून 'मॅपटूइंट' आणि मग 'टूॲरे' केले, की काम होते.

दुसरी तक्रार 'ॲम्बिग्युअस'ची. 'बेरीज(स्ट्रिंग...)' हीदेखील लिहून ठेवली आणि नुसते 'बेरीज()' म्हटले, तर कुठली घ्यावी हे कंपायलरला ठरवता येत नाही. रिकामा इंट ॲरे देऊन सुटका होते खरी, पण ती मलमपट्टी. अशा दोन मेथडना सरळ वेगवेगळी नावे द्यावीत.