एकेरी तिकीट आणि काउंटरवरचा प्रश्न

जुलै-ऑगस्ट आला की राबोडी, मुंब्रा-कौसा, भिवंडी, कल्याणचा दूधनाका अशा आपल्या वस्त्यांमध्ये निरोपाच्या दावती सुरू होतात. कुणाची मुलगी एमएस करायला अमेरिकेला निघते, कुणाचा मुलगा जर्मनीला, कुणी ब्रिटनला, कुणी मलेशियाला. बॅगा भरल्या जातात, लोणच्याच्या बरण्या बांधल्या जातात, खालाजान इमाम जामिन बांधतात. अशा वेळी जुने विद्यार्थी आणि त्यांचे पालक माझ्याकडे कागद दाखवायला येतात. त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "मॅडम, तिकीट एकेरी काढले आहे. विमानतळावर परतीचे तिकीट मागतील का? नसेल तर परत पाठवतील का?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्यामागे घरातले दागिने, शैक्षणिक कर्ज आणि वर्षभराची धावपळ असते. म्हणून त्याचे उत्तर नीट समजून घेऊ या.

थोडक्यात उत्तर असे: मुलाच्या पासपोर्टवर किंवा ऑनलाइन खात्यात खरा विद्यार्थी व्हिसा असेल, तर सहसा परतीचे तिकीट लागत नाही. दोन-तीन वर्षे शिकायला निघालेला मुलगा परतीची तारीख आज कशी सांगणार, हे त्या देशालाही कळते. परतीचे किंवा पुढच्या प्रवासाचे तिकीट प्रामुख्याने पाहुण्याकडे, म्हणजे पर्यटकाकडे मागितले जाते.

विचारणारा कोण असतो?

अनेकांना वाटते की हा प्रश्न फक्त परदेशात उतरल्यावर इमिग्रेशनचा अधिकारी विचारतो. प्रत्यक्षात तो आधी इथेच, सहारच्या विमानतळावर, सामान जमा करण्याच्या काउंटरवर येतो. कारण सरळ आहे. एखाद्या प्रवाशाला त्या देशाने आत घेतले नाही, तर त्याला परत आणण्याची जबाबदारी विमान कंपनीवर पडते आणि अनेक देश कंपनीला वर दंडही करतात. म्हणून काउंटरवरचा कर्मचारी आधीच खात्री करून घेतो. त्यासाठी 'आयाटा' या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेची 'टिमॅटिक' नावाची माहिती-व्यवस्था बहुतेक ठिकाणी वापरतात. प्रवाशाचे नागरिकत्व, जायचा देश, वाटेतला थांबा आणि व्हिसाचा प्रकार भरला की कोणते कागद हवेत ते पडद्यावर दिसते.

इथेच घोळ होऊ शकतो. कर्मचाऱ्याने घाईत 'पर्यटक' समजून पाहिले, तर पडद्यावर परतीच्या तिकिटाची अट दिसते. माझ्या एका माजी विद्यार्थिनीला असेच अडवले गेले. ती रडली नाही, भांडलीही नाही. तिने प्रवेशपत्र पुढे ठेवले आणि शांतपणे म्हणाली, "माझा व्हिसा विद्यार्थ्याचा आहे, कृपया त्या प्रकाराखाली पाहा, नाहीतर आपल्या ड्युटी मॅनेजरना बोलवा." दहा मिनिटांत तिला बोर्डिंग पास मिळाला. आपल्या मुलांना हे एक वाक्य इंग्रजीत पाठ करायला लावा.

देश बदलला की कागद बदलतो

अमेरिका: एफ-१ व्हिसासोबत विद्यापीठाने दिलेला आय-२० हा कागद हातात हवा, सेव्हिस शुल्काची पावतीही हवी. अभ्यासक्रम सुरू होण्याच्या ३० दिवसांपेक्षा आधी तिथे प्रवेश मिळत नाही. स्वस्त तिकीट दिसले म्हणून दीड महिना आधीची तारीख घेऊ नका.

ब्रिटन: पूर्वीचे बीआरपी कार्ड ३१ डिसेंबर २०२४ पासून इतिहासजमा झाले. आता ई-व्हिसा असतो आणि तो ऑनलाइन खात्यातून पासपोर्ट क्रमांकाशी जोडलेला असतो. व्हिसा मिळाल्यावर पासपोर्ट बदलला आणि खात्यात नवा क्रमांक भरला नाही, तर काउंटरवर अडचण येते.

जर्मनी: तीन महिन्यांपेक्षा जास्त शिक्षणासाठी 'डी' प्रकारचा राष्ट्रीय व्हिसा लागतो. १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्र लागते. खर्चाची तयारी दाखवायला बहुतेक जण ब्लॉक्ड अकाउंट उघडतात, त्यात सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो दाखवावे लागतात. व्हिसावर लिहिलेल्या पहिल्या तारखेच्या आधी पोहोचता येत नाही.

कॅनडा: स्टडी परमिट तिथल्या विमानतळावर उतरल्यावर मिळते. त्यासाठी मंजुरीचे पत्र छापून जवळ ठेवावे. पैशाच्या पुराव्यात फी आणि राहण्याच्या खर्चासोबत प्रवासखर्चही धरला जातो.

'तिथे गेल्यावर व्हिसा बदलून देऊ'

खरा धोका इथे आहे. मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवस व्हिसाविना प्रवेश दिला. कझाकस्तानात १४ दिवसांची अशीच सवलत आहे. या सवलती फिरायला जाणाऱ्यांसाठी आहेत. काही एजंट याचाच फायदा घेतात. "आता असेच जाऊ द्या, कॉलेज सुरू झाले की व्हिसा बदलून मिळेल, फक्त एक परतीचे तिकीट दाखवा," असे सांगतात.

एजंट परतीचे तिकीट दाखवायला सांगत असेल, तर पालकांनी तिथेच थांबून विचारावे: माझा मुलगा विद्यार्थी म्हणून जातो आहे की पाहुणा म्हणून? ब्रिटनमध्ये पाहुणा म्हणून गेलेल्याला तिथे राहून विद्यार्थी व्हिसावर जाता येत नाही. जर्मनीत आपल्या मुलांना साधारणपणे भारतात परत येऊन पुन्हा अर्ज करावा लागतो. मलेशियात विद्यार्थ्यासाठी आधी ईएमजीएस या संस्थेमार्फत मंजुरी घ्यावी लागते. फी भरून झालेली, मुदत संपत आलेली आणि मुलगा परक्या देशात अडकलेला, अशी वेळ कुणावर येऊ नये.

बनावट तिकिटाच्या वाटेला जाऊ नका

काही ठिकाणी पाचशे-हजार रुपयांत 'डमी तिकीट' करून मिळते. ते दोन प्रकारचे असते. एकात जागा खरोखर राखून ठेवलेली असते, पण पैसे न भरल्याने ती काही तासांत किंवा दिवसांत रद्द होते. दुसऱ्यात जुन्या तिकिटावर नाव-तारीख बदलून कागद बनवलेला असतो. हा दुसरा प्रकार सरळ खोटेपणा आहे. काउंटरवर पीएनआर टाकला की तो क्षणात उघडा पडतो. खोटा कागद सापडल्याची नोंद झाली, तर ती पुढच्या प्रत्येक व्हिसा अर्जात आडवी येऊ शकते. चार वर्षांच्या शिक्षणाची सुरुवात अशा कागदाने का करावी?

पुढच्या प्रवासाचा पुरावा खरोखर हवाच असेल, तर सरळ मार्ग आहेत. पैसे परत मिळणारे तिकीट काढावे, मात्र रद्द केल्यावर किती कापतील आणि रक्कम किती दिवसांत येईल हे आधी वाचावे. किंवा तारीख बदलता येणारे परतीचे तिकीट काढावे. कधी कधी परतीचे तिकीट एकेरीपेक्षा स्वस्तही पडते. पण तिकिटाची मुदत साधारण वर्षभराची असते, त्यामुळे दोन वर्षांनंतरचे परतीचे तिकीट आज काढता येत नाही. शिवाय अनेक कंपन्या विद्यार्थी भाड्यात जादा सामान नेऊ देतात. तो फायदा हिशेबात धरून मगच ठरवावे.

वाटेतला थांबा विसरू नका

स्वस्तात पडते म्हणून काही जण दोन वेगवेगळी तिकिटे जोडतात. मग मधल्या विमानतळावर सामान घेऊन पुन्हा जमा करावे लागते, आणि त्यासाठी त्या देशात प्रवेश, म्हणजे व्हिसाही लागू शकतो. जायच्या देशाचा व्हिसा असूनही मुलगा इथेच अडकतो. शक्यतो एकाच पीएनआरवर पूर्ण प्रवास घ्या आणि वाटेतल्या देशाचा ट्रान्झिट नियम त्याच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहा.

परत येणार ना?

तिकीट मागितले नाही, तरी परतीचा प्रश्न सुटत नाही. अमेरिकेच्या व्हिसा मुलाखतीत, शिकून झाल्यावर मायदेशी परतणार आहे हे विद्यार्थ्याला पटवून द्यावे लागते. तिथे तिकीट कामाचे नसते. काय शिकणार, ते इथे कसे उपयोगी पडणार, घरी कोण आहे, खर्च कोण करते, याची खरी आणि स्पष्ट उत्तरे कामाची असतात.

हा प्रश्न आपल्या भागाला नवा नाही. कल्याणच्या जोशी घराण्यातल्या आनंदीबाई १८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेला निघाल्या, तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. निघण्यापूर्वी सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात उभे राहून त्यांना लोकांच्या शंकांना उत्तर द्यावे लागले होते: का जाते, एकटी का जाते, धर्म टिकवून परत येणार का. १८८६ मध्ये त्या डॉक्टर होऊन परतल्या. पुढे १९०६ मध्ये मुंबईच्या अतिया फैजी शिष्यवृत्तीवर लंडनला शिक्षिकेचे प्रशिक्षण घ्यायला गेल्या. तिथून घरी लिहिलेला त्यांचा वृत्तांत लाहोरच्या 'तहजीब-ए-निस्वाँ' या स्त्रियांच्या उर्दू साप्ताहिकात छापून आला. आज मुलगी एकटी निघाली की नातेवाईक जे विचारतात, ते या दोघींच्या काळातही विचारले जात होते. अशा वेळी मुलीच्या पाठीशी उभे राहणे हे घरच्यांचे काम आहे.

निघण्यापूर्वीची एक संध्याकाळ

दावतीच्या आधी एक संध्याकाळ फक्त कागदांसाठी ठेवा. एका फाइलमध्ये पासपोर्ट, व्हिसा किंवा ई-व्हिसाची छापील प्रत, प्रवेशपत्र, फीची पावती, पैशाचा पुरावा, राहण्याचा पत्ता आणि विद्यापीठाचा फोन क्रमांक लावा. ही फाइल हातातल्या बॅगेत राहू द्या, मोठ्या बॅगेत नको. मोबाइलवर भिसार ठेवू नका, परदेशात उतरल्यावर लगेच नेट मिळेलच असे नाही. विमान कंपनीला आठवडाभर आधी ईमेल करून, विद्यार्थी व्हिसावर एकेरी तिकीट चालेल ना, हे विचारा आणि उत्तर छापून फाइलला लावा.

बरीच परदेशी विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. कल्याण किंवा मुंब्र्याहून निघताना शिळफाट्याचा आणि बायपासचा ट्रॅफिक धरून चार तास आधी सहारला पोहोचा. काउंटरवर काही शंका निघालीच, तर ती सोडवायला हाताशी वेळ हवा. बाकी दुआ आहेच. अल्लाह आपल्या मुलामुलींचा सफर आसान करो.