चार डिस्क आहेत, मग बॅकअप कशाला?

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांतच शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांपासून सीताबर्डीपर्यंत पाणी घुसलं. अशा वेळी सर्व्हर तळघरात असेल, तर त्यातल्या डिस्क रेड-५ मध्ये आहेत की रेड-१० मध्ये (रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र बांधून चालवण्याची पद्धत), याला काही अर्थ उरत नाही. तरी ‘आपल्याकडे रेड आहे, बॅकअप नको’ हे सीएच्या ऑफिसपासून दवाखान्यापर्यंत सर्रास ऐकू येतं. एखादी डिस्क गेली तरी काम थांबू न देणं, एवढंच रेडचं काम. चुकून फाईल डिलीट झाली किंवा रॅन्समवेअरने डेटा नासवला, तर रेड तो बदलही इमानेइतबारे सगळ्या डिस्कवर उतरवते. बॅकअप हवाच, आणि तो दुसऱ्या वस्तीत हवा.

रेड-५ स्वस्त पडते, हा हिशेब अर्धाच आहे. चार डिस्कपैकी तिघींची जागा मिळते, रेड-१० मध्ये दोघींचीच, हे खरं. पण दिवसभर बिलं फाडणाऱ्या डेटाबेसला जागेपेक्षा वेग लागतो. रेड-५ मध्ये एक छोटी नोंद बदलायची तर जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी (गेलेल्या डिस्कचा डेटा परत काढायला ठेवलेला हिशेब) वाचा, मग दोन्ही नव्याने लिहा: चार फेऱ्या. रेड-१० मध्ये दोन. ७,२०० आरपीएमची डिस्क सेकंदाला वाचण्या-लिहिण्याच्या ८० फेऱ्या करते असं धरलं, तर चौघींच्या ३२० फेऱ्यांत रेड-५ ला ८० नोंदी जमतात, रेड-१० ला १६०. कंट्रोलरची कॅश थोडा वेळ हे झाकते; गर्दी टिकली की उघडं पडतं.

डिस्क गेल्यावर तर रेड-५ चा खरा कस लागतो. त्या जागी लावलेली १६ टीबीची नवी डिस्क सेकंदाला २०० एमबीने भरायची म्हटली तरी २२ तास लागतात, चालू सर्व्हरवर त्याहून कितीतरी जास्त. तेवढा वेळ उरलेल्या तिघी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या जातात, आणि दुसरी गेली की सगळं गेलं. डिस्क मोठ्या असतील तर निदान दोन डिस्क गेल्या तरी तगणारी रेड-६ घ्या, आणि तिचं लिहिणं आणखी संथ असतं हे गृहीत धरा.

नागपूरचा उन्हाळा डिस्क मारतो, हेही सरसकट खरं नाही. गूगलने २००७ मध्ये लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास मांडला, त्यात तापमानाचा वाटला होता तेवढा संबंध दिसला नाही. तापमान फारच चढलं किंवा डिस्क जुनी असली तरच फरक पडत होता. बाद झालेल्यांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त डिस्कनी तर ‘स्मार्ट’ या डिस्कच्या स्वतःच्या तपासणीत आधी कसलीच सूचना दिली नव्हती. तापमान फार चढू नये म्हणून एसी लावाच, पण सर्व्हरच्या तोंडावर कूलर लावू नका. ओल आणि धूळ दोन्ही आत जातात.

आणि एसएसडी? तिला फिरणारे भाग नाहीत, म्हणून ती अमर नव्हे. सर्व्हर बनवणाऱ्या एचपीईने नोव्हेंबर २०१९ मध्ये जाहीर केलं की आपल्या काही एसएसडी फर्मवेअरच्या चुकीमुळे ३२,७६८ तास चालल्यावर, म्हणजे पावणेचार वर्षांच्या आसपास, डेटासकट बंद पडतात. एकाच दिवशी सुरू केलेली जोडी एकाच वेळी जाणार, मग रेड काय करणार? फर्मवेअर अपडेट ठेवा, वीज गेली तरी हातातलं लिहून पूर्ण करणारी, कपॅसिटर असलेली सर्व्हर-दर्जाची एसएसडी घ्या आणि जोडीतल्या दोघी वेगवेगळ्या लॉटमधल्या मागा. दुकानदार कुरकुर करेल, करू द्या.