भुईआवळी आणि कावीळ
आमच्या पावसमध्ये पहिल्या सरी पडल्या की परसात भुईआवळी उगवते. पानांखाली आवळ्यासारखी इवली फळं ओळीनं धरतात. लहानपणी मला कावीळ झाली तेव्हा दादीनं हीच वाटून ताकातून दिली. मी बरा झालो आणि घरानं श्रेय झाडाला दिलं.

पण कावीळ हे लक्षण, कारणं अनेक. दूषित पाण्यातून होणारा हेपॅटायटिस ए बहुधा काही आठवड्यांत आपोआप बरा होतो. रक्तावाटे पसरणारा बी मात्र वर्षानुवर्षं यकृतात दबा धरून बसू शकतो.

१९८८ साली मद्रासच्या संशोधकांनी 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं : भुईआवळीची भुकटी घेतलेल्या ३७ 'बी' वाहकांपैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण गेली, औषधाविना नुसती कॅप्सूल घेतलेल्या २३ पैकी एकाचीच. मोठी आशा वाटली. पुढच्या अनेक चाचण्यांत मात्र तसा गुण दिसला नाही.

म्हणून डोळे पिवळे दिसले, तर आधी रक्त तपासून घ्या. 'बी'वर लस आहे. ती बाळाला जन्मानंतर चोवीस तासांत द्यायची असते. दादीचं ताक मी विसरलेलो नाही. पण नातीला पहिल्याच दिवशी लस टोचून घेतली.