मोतीबिंदू आणि काचबिंदू : एकच ऑपरेशन की दोन?

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. ऑपरेशन कसं करावं हे सांगणं आमचं काम नव्हे. पण उतारवयात एकाच डोळ्यात मोतीबिंदू आणि काचबिंदू असे दोन्ही निघाले, की डॉक्टर तीन-चार पर्याय समोर ठेवतात, आणि घरचे एकच विचारतात : 'यातलं सगळ्यात चांगलं कोणतं?' हा प्रश्न अपुरा आहे, असं आमचं म्हणणं आहे.

नावं सारखी असली तरी हे रोग वेगळे. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं. ते काढून कृत्रिम भिंग बसवलं आणि बाकीचा डोळा धड असला, की नजर परत येते. काचबिंदूत मात्र दृष्टीची नस झिजते. डोळ्यातला दाब तिला झेपत नाही. हा दाब ड्रॉप्सनी, लेझरनं किंवा ऑपरेशननं उतरवता येतो, पण गेलेली नजर परत येत नाही. म्हणजे एका ऑपरेशनचा हेतू हरवलेलं मिळवणं, दुसऱ्याचा उरलेलं राखणं.

आता पर्याय पाहू. पहिला, फक्त मोतीबिंदू काढणं. त्यानंही दाब थोडा उतरतो. डोळ्यातल्या पाण्याचा निचरा जिथून होतो तो कोन अरुंद असेल, तर जाड झालेलं भिंग निघाल्यावर जागा मोकळी होते आणि फरक जास्त पडतो.

दुसरा, मोतीबिंदूबरोबरच ट्रॅबेक्युलेक्टोमी. १९६८ साली केर्न्स यांनी वर्णन केलेली ही पद्धत आजही टिकून आहे. डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीत झडपेसारखी वाट करून पाणी वरच्या पातळ पडद्याखाली सोडतात. दाब चांगला उतरतो. पण शरीर ती जखम भरून वाट बुजवू पाहतं, म्हणून मायटोमायसिन-सी हे औषध लावतात. तपासणीला वारंवार जावं लागतं. दाब फारच उतरण्याचा धोका असतो, आणि जंतुसंसर्गाची भीती पुढेही राहते.

तिसरा, मोतीबिंदूबरोबर सूक्ष्म स्टेंट. आयस्टेंट जेमतेम १ मिलिमीटरचा. अमेरिकेत त्याला २०१२ साली मान्यता मिळाली. धोका कमी, पण दाबही बेतानंच उतरतो. म्हणून तो सौम्य किंवा मध्यम काचबिंदूसाठी, तेही कोन उघडा असेल तर.

चौथा, दोन ऑपरेशनं वेगवेगळी. काचबिंदूचं आधी केलं तर मोतीबिंदू लवकर पिकू शकतो, आणि मग तो काढताना आधी केलेली वाट बिघडू शकते. दोन्ही एकदम केली तर त्रास एकदाच. पण नुसत्या ट्रॅबेक्युलेक्टोमीनं जितका दाब उतरतो, तितका बरेचदा उतरत नाही.

ॲरिस्टॉटलनं म्हटलं आहे, की वैद्य 'माणूस' बरा करत नाही, तो कॅलिअसला किंवा सॉक्रेटिसला बरा करतो. इथंही तसंच आहे. नस बरीच झिजली असेल तर मोठा धोका पत्करणं शहाणपणाचं ठरू शकतं; थोडीच झिजली असेल तर तोच धोका अनाठायी. हात थरथरतात म्हणून ड्रॉप्स घालणं जमत नाही, गावाहून दर आठवड्याला येणं परवडत नाही, या गोष्टीही निर्णयातच धरायच्या असतात. त्या डॉक्टरांना सांगायला संकोच नको.

आणि एक सावधगिरी. मोतीबिंदू निघाला की जग लख्ख दिसतं, आणि आपल्याला वाटतं, दोन्ही रोग गेले. मग ड्रॉप्स सुटतात, तपासणी राहून जाते. काचबिंदू बहुधा दुखत नाही. कडेची नजर गुपचूप नेतो. म्हणून 'चांगलं कोणतं?' याऐवजी असं विचारावं : 'डॉक्टर, माझी नस किती शिल्लक आहे, ती राखायला दाब किती असावा, आणि या ऑपरेशननं तिथवर पोचता येईल का?' याचं उत्तर मिळालं, की पर्यायांची तुलना खऱ्या अर्थानं सुरू होते.