सुट्टी काउंटरला, कपात रविवारीही

रिझर्व्ह बँकेच्या सुट्ट्यांच्या तक्त्यात बेलापूर हे नाव आहे, पण ते नवी मुंबईतलं. तिथे रिझर्व्ह बँकेचं कार्यालय आहे. श्रीरामपूर तालुक्यातल्या प्रवराकाठच्या बेलापूरचा त्या तक्त्याशी संबंध नाही. तरीही इथल्या माणसाने तोच रकाना वाचला तर फसगत होत नाही, कारण १८८१च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम २५खाली सुट्टी राज्य सरकार जाहीर करतं आणि ती महाराष्ट्रभर सारखीच असते. काचेच्या इमारतीला जी सुट्टी, तीच ऊसपट्ट्यातल्या शाखेला. दोन्हीकडे माणसाला बँक सारख्याच कामासाठी लागते, हे मात्र त्यात गृहीत धरलेलं असतं. भाऊबीजेचंच बघा. त्या दिवशी राज्य सरकारची कार्यालयं बंद आणि बँका चालू. ज्याला सरकारी कागद काढून तो बँकेत द्यायचा आहे, त्याच्यासाठी ती उघडी शाखाही बंदच. २०२५च्या दिवाळीत १९ ते २६ ऑक्टोबर या आठ दिवसांत बँकेचे कामाचे दिवस तीन होते: सोमवार २०, गुरुवार २३ आणि शुक्रवार २४. त्यातला गुरुवार भाऊबीजेचा.

‘बँकवाल्यांना सुट्ट्या फार’ ही तक्रार पाराइतकीच जुनी आहे, आणि ती मला पटत नाही. सुट्ट्या किती यापेक्षा त्या कुठल्या मुदतीवर येऊन आदळतात, याने माणूस अडतो. मार्च २०२५ घ्या. ३० तारखेला रविवार आणि गुढीपाडवा एकत्र, ३१ला सोमवारी रमजान ईद, १ एप्रिलला बँकांची वार्षिक हिशेबबंदी. खरीप पीककर्ज ३१ मार्चच्या आत भरलं की केंद्र आणि राज्याच्या सवलती मिळून तीन लाखांपर्यंत व्याज शून्यावर येतं, हे सोसायटीच्या सभासदाला पाठ असतं. त्या वर्षी कर्जमाफीच्या आशेने बरेच जण हात आखडून बसले होते. शुक्रवारी, २८ मार्चला, तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी बारामतीत सांगून टाकलं, की ३१ तारखेच्या आत पीककर्ज भरा. कॅलेंडर पाहिलं तर ३१ तारखेच्या आत उरला होता एक दिवस, शनिवार २९. तोही पाचवा शनिवार होता म्हणून. सप्टेंबर २०१५पासून दुसरा आणि चौथा शनिवार बंद असतो, बाकीचे पूर्ण दिवस चालू. उसनवार करायची, सोनं गहाण टाकायचं, सोसायटीच्या सचिवाला गाठायचं आणि भरणा करायचा, हे सगळं त्या एका दिवसात. मजा अशी, की त्याच ३१ मार्चला रिझर्व्ह बँकेने सरकारी जमाखर्च सांभाळणाऱ्या एजन्सी बँकांना शाखा उघड्या ठेवायला सांगितलं होतं, सरकारची देवघेव त्याच आर्थिक वर्षात धरली जावी म्हणून. म्हणजे मुदतीसाठी सुट्टी हलवता येते, हे व्यवस्थेला चांगलं ठाऊक आहे. पीककर्जाच्या भरण्यासाठी ती हलवावी, असं काही त्या आदेशात नव्हतं.

कायद्यालाही हा पेच नवा नाही. वचनचिठ्ठीची तारीख सुट्टीच्या दिवशी आली, तर ती आदल्या कामाच्या दिवशी देय होते, असं हेच कलम २५ सांगतं. देणेकऱ्याने आधी उठायचं. मुदत ठेव सुट्टीच्या दिवशी पिकली, तर बँक पैसे पुढच्या कामाच्या दिवशी देते, पण मधल्या दिवसाचं व्याजही देते. दोन्हीकडे सुट्टीचा भार कोणी उचलायचा हे लिहून ठेवलेलं आहे. शाखेच्या काउंटरवर रोख घेऊन येणाऱ्याच्या बाबतीत ते कुठे लिहिलेलं नाही, म्हणून तो भार आपसूक त्याच्याच अंगावर पडतो.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे मोबाईल. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९पासून चोवीस तास चालते, आरटीजीएस १४ डिसेंबर २०२०पासून. यूपीआयला तर रविवार कधी नव्हताच. दुधाचा दहा दिवसांचा पगार, कारखान्याचं उसाचं पेमेंट, सुट्टीतही खात्यावर येऊ शकतं. खरं आहे. पण याच मालिकेतली तिसरी तारीख सहसा कोणी सांगत नाही. १ ऑगस्ट २०२१पासून ‘नाच’ ही आपोआप वसुलीची यंत्रणाही सर्व दिवस चालू झाली. त्याआधी ट्रॅक्टरचा किंवा मोटारसायकलचा हप्ता रविवारी आला तर तो सोमवारी कापला जाई. आता रविवारीच कापला जाऊ शकतो. शनिवारच्या बाजारात माल विकून रोख हातात आलेल्या माणसाला मात्र ती खात्यात भरायला सोमवार उजाडावा लागतो. मधे हप्ता परत गेला की दंड. यंत्राने आपली सुट्टी सोडली, काउंटरने ठेवली, आणि या दोहोंमधली फट ज्याचा धंदा रोखीचा आहे त्यालाच नडते. शिवाय फोनवर होऊ शकणारी कामं फोनवर गेल्यावर शाखेत उरली ती न होणारीच: वारसाची नोंद, गहाण सोनं सोडवणं, अंगठा न उमटणाऱ्या म्हातारीचं पेन्शन.

ही फट कामचलाऊपणे बुजवतो तो बँक मित्र. एखाद्या दुकानाच्या कोपऱ्यात बोटाचा ठसा घेणारं यंत्र, एक वही आणि गल्ला एवढ्यावर तो सुट्टीतही आधारवरून पैसे देतो, एका वेळी फार तर दहा हजार. त्याच्या कामातली अडचण बाहेरून दिसत नाही. समोरच्याला दहा हजार दिले, की तेवढे त्याच्या खात्यात जमा होतात आणि गल्ल्यातून जातात. खात्यातल्या आकड्याची पुन्हा नोट करायची तर शाखाच लागते. त्यामुळे सुट्टी लागण्याआधी गल्ल्यात जे असेल, तेच त्याचं सगळं भांडवल. सलग तीन दिवसांच्या सुट्टीत दुसऱ्या दुपारी त्याचं खातं भरलेलं आणि गल्ला रिकामा असू शकतो. त्याच वेळी समोर उभा माणूस विचारत असतो, ‘मशीन चालू आहे ना, मग पैसे का नाहीत?’ एटीएममध्ये खडखडाट झाला तर बँकेला दंड आहे. महिन्यात दहा तासांहून अधिक काळ ते रिकामं राहिलं की दहा हजार रुपये, ऑक्टोबर २०२१पासून. बँक मित्राचा गल्ला रिकामा राहिला तर कोणालाच काही होत नाही.

दुसरा आक्षेप कर्मचाऱ्यांच्या बाजूचा आहे, आणि तो रास्त आहे. सुट्टीच्या आदल्या दिवशी रोखपालासमोर दोन दिवसांची रांग असते, नंतरच्या दिवशी तीन दिवसांची. ८ मार्च २०२४ला बँका आणि संघटनांनी सगळे शनिवार सुट्टीचे करायचं मान्य केलं, सरकारच्या मंजुरीच्या अटीवर. माझा त्याला विरोध नाही. नोटा मोजणाऱ्यालाही घर आहे. पण तसं झालं तर २९ मार्च २०२५सारखा शनिवारही उरणार नाही. म्हणून सवलतीच्या आणि वसुलीच्या तारखांनी सुट्टीची यादी पाहूनच ठरावं, एवढी अट त्याला जोडायला हवी. फेडीची तारीख बंद दिवशी आली, तर ती पुढच्या उघड्या दिवसापर्यंत धरायची. ठेवीच्या बाबतीत बँका हा हिशेब करतातच. बँक मित्राला सलग सुट्टीआधी जादा रोख उचलू द्यायची. आणि शाखेच्या दारावर ‘उद्या बँक बंद’ असा आदल्या संध्याकाळी कागद चिकटवण्याऐवजी पुढच्या तीन महिन्यांचा फळा लावायचा, ज्यावर सुट्टीच्या शेजारी मुदतही लिहिलेली असेल. सरकारची यादी वर्ष सुरू होण्याआधीच निघते, त्यामुळे याला जादा माहिती काही लागत नाही.

‘लोकांनी आधीच भरावं’ हे म्हणणं सोपं आहे. पण शेतकऱ्याचा पैसा तारखेने येत नाही. तोडणी लांबली की बिल लांबतं, बिल लांबलं की भरणा. २०२६च्या यादीत २८ मार्च चौथा शनिवार, २९ रविवार, ३१ला मंगळवारी महावीर जयंती आणि १ एप्रिलला पुन्हा हिशेबबंदी. मधला सोमवार, ३० तारीख, तेवढा भरण्याचा.