घरातलं गणित : भाग ७
चित्रालेख – एक पाटी, चार स्टेशनं

मागच्या आठवड्यात ताळ्याच्या खुणांनी मोजदाद केली. आता ती चित्रात मांडू. सरावाला दर वेळी फुगे आणि आंबे कशाला? बेंगळुरूच्या मुलांपुढे नम्म मेट्रोचा नकाशा आयता आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये पिवळी मार्गिका सुरू झाली, तेव्हाचे आकडे घेऊ. जांभळ्या मार्गिकेवर ३७ स्टेशनं, हिरव्यावर ३२, पिवळ्यावर १६. प्रत्येक स्टेशनाला एक चित्र काढायचं म्हटलं तर मूल अर्ध्यातच कंटाळेल, म्हणून प्रमाण ठरवायचं. एका चित्राला १० स्टेशनं धरली, तर ३७ साठी तीन चित्रं आणि चौथ्याचे दहातले सात भाग. ते नेमके कुणाला काढता येणार? ५ धरली तरी दोन-पंचमांशाची पंचाईत. ४ धरून पाहा : हिरव्याची ८ चित्रं, पिवळ्याची ४, जांभळ्याची सव्वानऊ. प्रमाण निवडणं हेच यातलं खरं गणित, आणि प्रश्नात नेमकं तेच बहुतेकदा आयतं दिलेलं असतं. मुलांना चाचपडू द्या, घाई करू नका.

बारीक चौकटींची वही आडवी धरा. चित्र म्हणून स्टेशनची पाटी घ्या : दोन चौकटी लांब, दोन उंच. म्हणजे एक चौकट एका स्टेशनाची, आणि पाव पाटी काढायला अडचण नाही. तिन्ही ओळी एकाच उभ्या रेघेपासून सुरू करा, दोन पाट्यांत एक चौकट मोकळी सोडा, आणि ‘१ पाटी = ४ स्टेशनं’ हे वर ठळक लिहा. ते नसेल तर चित्रालेख वाचताच येत नाही.

हिरव्याची स्टेशनं पिवळ्याच्या बरोबर दुप्पट आहेत. म्हणून कुणी एकच पाटी दुप्पट लांब आणि दुप्पट उंच काढली, तर तिचं क्षेत्रफळ चौपट होतं आणि डोळ्याला फरकही चौपट वाटतो. ओटो नॉयरात यांनी १९२५ मध्ये व्हिएन्नात समाज-अर्थव्यवहाराचं संग्रहालय सुरू केलं. तिथल्या तक्त्यांचा नियमच होता की संख्या वाढली की चित्रं वाढवायची, चित्राचा आकार नाही.

आता वाचन. जांभळ्यावर हिरव्यापेक्षा किती स्टेशनं जास्त? मुलं चटकन ‘सव्वा’ म्हणतात. त्या सव्वा पाट्या; स्टेशनं ५. एकूण किती? सव्वाएकवीस पाट्या, म्हणजे ८५. पण शहरात तेव्हा स्टेशनं होती ८३! मॅजेस्टिक जांभळ्यावरही आहे आणि हिरव्यावरही, तसंच आर. व्ही. रोड हिरव्यावर आणि पिवळ्यावर. दोन्ही दोनदा मोजली गेली. चित्रालेख चुकलेला नाही. तो मार्गिकेमागे किती स्टेशनं एवढंच सांगतो.

जांभळ्या आणि हिरव्या मार्गिकांवर मिळून स्टेशनं किती, हे या रविवारी मुलांना काढायला सांगा. उत्तर ६८ यायला हवं. पुढच्या भागात स्तंभालेख.